पॅनेलच्या पुस्तिकांसाठी साचा आणि गिट: तिघांच्या ऑफिसात झेपेल अशी पद्धत सुचवा

पॅनेलवाली_भोसरी

नमस्कार मंडळी,

आमचा भोसरीला मोटर कंट्रोल पॅनेलचा छोटा कारखाना आहे. माल बहुतेक गावांच्या पाणीपुरवठा योजनांच्या पंपघरांत जातो. प्रत्येक पॅनेलसोबत ऑपरेटरसाठी मराठी पुस्तिका, इंग्रजी टेस्ट रिपोर्ट आणि सुट्या भागांची यादी द्यावी लागते. लिहिते मी, तपासतात आमचे डिझाइनचे सर, आणि साइटवर काय खटकलं ते सर्व्हिसचा मुलगा व्हॉट्सॲपवर फोटो टाकून कळवतो.

पद्धत म्हणाल तर मागच्या ऑर्डरची वर्ड फाइल उघडायची, सेव्ह ॲज करायची, गिऱ्हाइकाचं नाव, एचपी आणि अँपिअर बदलायचे. त्यामुळे स्टार-डेल्टाच्या पुस्तिकेत मध्येच डीओएल स्टार्टरचा एखादा परिच्छेद तसाच राहून जातो. (स्टार-डेल्टा आणि डीओएल म्हणजे मोटर सुरू करायच्या दोन वेगळ्या पद्धती.) एका फाइलीत केलेली चांगली दुरुस्ती दुसरीत कधी पोचतच नाही. परवा एका पंपघरातून फोन आला. ऑपरेटर ओव्हरलोड रिलेच्या (करंट जास्त झाला की मोटर बंद करणाऱ्या भागाच्या) सेटिंगचं वाक्य पुस्तिकेतून मोठ्याने वाचून दाखवत होता, आणि ते वाक्य माझ्याकडच्या एकाही फाइलीत सापडेना. सर म्हणाले, पुरे झालं, आता काहीतरी नीट लावा.

मला गिट, म्हणजे फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर, जुजबी येतं: बदल निवडायचा (ॲड), नोंदवायचा (कमिट), दुसरीकडे पाठवायचा (पुश) इतपत. सरांना मात्र वर्डच हवं. ट्रॅक चेंजेस लावून पान लाल केल्याशिवाय त्यांना तपासल्यासारखं वाटत नाही. सर्व्हर सांभाळायला कोणी नाही. साचा एका जागी आणि मजकूर दुसऱ्या जागी असं करता येतं का? मराठीचं त्यात काय होतं? जुन्या काही पुस्तिका श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत आहेत, हेही आधीच सांगून ठेवते.

साधासुधा

तिघांसाठी गिट म्हणजे जरा जास्तच होतंय. वर्डमध्ये एक चांगलं टेम्प्लेट बनवा, सगळं ऑनड्राइव्हवर ठेवा. प्रत्येक फाइलीचा इतिहास आपोआप राहतो, जुनी आवृत्ती परतही आणता येते. आमच्या सीएच्या ऑफिसात सगळं असंच चालतं, कोणाची तक्रार नाही.

टर्मिनल_ब्लॉक

साधासुधा, तुम्ही म्हणता ते एका फाइलीपुरतं खरं आहे. ही फाइल मागच्या मंगळवारी कशी होती, हे ऑनड्राइव्ह सांगेल. ताईंची अडचण दुसरीच आहे. ऑपरेटरच्या हातातलं पान कुठल्या मजकुरातून आणि कुठल्या साच्यातून निघालं, हे त्यांना पानावरूनच कळायला हवं. शिवाय वर्डच्या टेम्प्लेटमधून फाइल काढली की त्यातला ठरावीक मजकूर त्या फाइलीत उतरतो आणि टेम्प्लेटशी त्याचा संबंध संपतो. पुढे टेम्प्लेटमधलं वाक्य सुधारलं तरी आधी निघालेल्या फाइली जुनंच वाक्य घेऊन बसतात. तुमच्या ऑफिसात पत्रं जातात, ती चालतात. इथे एक अँपिअरचा आकडा चुकला तर मोटर जळते.

मी अंबडला मशीनच्या मॅन्युअलचं काम बघतो. मोठी कागदपत्र-प्रणाली विकत घ्यायची ऐपत आमचीही नाही, म्हणून जे सांगतोय ते फुकटातलं आणि वापरातलं आहे.

ताई, मजकूर मार्कडाउनमध्ये लिहा. साधी टेक्स्ट फाइल असते, शीर्षकाला आधी हॅशची खूण, यादीला डॅश, बस्स. तिच्यापासून वर्डची फाइल बनवायचं काम पॅनडॉक करतं. हे पॅनडॉक २००६ मध्ये जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने लिहायला घेतलं, आणि तोच अजून त्याच्याकडे लक्ष देतो. आपल्याकडच्या कित्येक सॉफ्टवेअर कंपन्यांपेक्षा जास्त काळजीने, असं माझं मत आहे.

साच्यासाठी पॅनडॉकला 'रेफरन्स डॉक' म्हणून एक वर्ड फाइल द्यायची. त्या फाइलीत काय लिहिलंय याकडे ते बघतही नाही. फक्त स्टाइल, समास, पानाचा आकार, हेडर आणि फूटर उचलतं. म्हणजे तुमचा लोगो, फॉन्ट, शीर्षकांचा रंग सगळं त्या एका फाइलीत. कोरी फाइल घेऊन सुरुवात करू नका. पॅनडॉकलाच त्याची मूळ रेफरन्स फाइल काढून द्यायला सांगा आणि तिच्यातल्या स्टाइल बदला. नवी स्टाइल हाताने केली तर नाव जुळत नाही आणि मग दिवसभर शोधत बसाल.

रेपो, म्हणजे गिट सांभाळतं तो फोल्डर, एकच ठेवा. आत तीन फोल्डर: साचा, सामाईक आणि पुस्तिका. 'सामाईक'मध्ये मजकुराचे तुकडे: स्टार-डेल्टाची माहिती एका फाइलीत, डीओएलची दुसऱ्या, ड्राय रन प्रोटेक्शन, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, अर्थिंग, सगळं सुटं सुटं. 'पुस्तिका'मध्ये प्रत्येक पॅनेल प्रकाराची एक छोटी डीफॉल्ट्स फाइल. कुठले तुकडे कुठल्या क्रमाने घ्यायचे, साचा कुठला, हे तिच्यात लिहायचं. पॅनडॉकला ही सोय २.८ आवृत्तीपासून आहे. तुमच्या पॅनेलला बिल ऑफ मटेरियल असतं तशीच ही पुस्तिकेची यादी समजा. स्टार-डेल्टाच्या यादीत डीओएलचा तुकडाच नाही म्हटल्यावर तो परिच्छेद आत शिरणार कुठून?

गिऱ्हाइकाचं नाव, एचपी, अँपिअर हे मजकुरात कुठेही हाताने लिहायचे नाहीत. ऑर्डरच्या मेटाडेटा फाइलीत एकदाच लिहायचे आणि मजकुरात %एचपी% अशी खूण ठेवायची. खुणेच्या जागी किंमत भरायला लुआ भाषेतलं छोटं फिल्टर लागतं, आणि पॅनडॉकच्या लुआ फिल्टरच्या माहितीत नेमकं हेच उदाहरण तयार दिलेलं आहे. लुआ वेगळं टाकावं लागत नाही, पॅनडॉकच्या पोटातच आहे. पण त्या उदाहरणात मराठीसाठी एक खाच आहे. ते फिल्टर अख्खा शब्द जुळला तरच बदलतं. इंग्रजीत खूण सुटी राहते म्हणून भागतं; आपण लिहिणार '%एचपी%ची मोटर', प्रत्यय चिकटला की खूण ओळखूच येत नाही आणि गिऱ्हाइकाला टक्क्याच्या चिन्हांसकट पुस्तिका जाते. त्यामुळे शब्दाच्या आतली खूण शोधून बदलेल असं फिल्टर करून घ्या, दोन ओळींचा फरक आहे. बाहेर जाण्याआधी टक्क्याचं चिन्ह शिल्लक आहे का, ते एकदा शोधायचं.

आता ज्याच्यासाठी हा खटाटोप, ते पानावरचं व्हर्जन. पुस्तिका बाहेर पाठवायची ठरली की गिटमध्ये टॅग लावायचा, म्हणजे फाइलींच्या त्या क्षणाच्या स्थितीला नाव द्यायचं, 'स्टारडेल्टा/१.३' असं. टॅगच्या नावात तिरकी रेघ चालते, त्यामुळे एका रेपोत प्रत्येक पुस्तिकेचे टॅग वेगळे राहतात. फाइल बनवताना गिटच्या डिस्क्राइब आज्ञेला त्या पुस्तिकेचा शेवटचा टॅग विचारायचा. नेमक्या टॅगवर असाल तर ती नुसता टॅग सांगते. पुढे चार कमिट झाले असतील तर टॅग, चारचा आकडा आणि कमिटचा छोटा क्रमांक जोडून देते. 'डर्टी' हा पर्याय लावला तर कमिट न केलेले बदल असतानाही शेपूट जोडते. हे जे उत्तर येईल ते पॅनडॉकला सबटायटल म्हणून द्यायचं. साच्याच्या फूटरमध्ये वर्डचं स्टाइल-रेफ फील्ड टाकून त्याला सबटायटलची स्टाइल दाखवून ठेवलं, की तो आकडा प्रत्येक पानाखाली येतो. पुढच्या वेळी फोन आला की वाक्य वाचू नका, पानाच्या तळाशी काय लिहिलंय ते सांगा, एवढंच विचारायचं.

टॅगवर परत गेलात की साचा, सामाईक तुकडे आणि यादी तिन्ही त्या दिवशी होते तसे मिळतात, म्हणून मी एकाच रेपोचा आग्रह धरतो. साच्याचा वेगळा रेपो करून तो सबमॉड्यूलने (एका रेपोत दुसरा रेपो गुंतवून) जोडा, असं सांगणारे भेटतील. तीन माणसांच्या ऑफिसात सबमॉड्यूल म्हणजे विकतचं दुखणं. साचा सुधारला म्हणून जुन्या, पाठवून झालेल्या पुस्तिका पुन्हा छापायच्या नसतात हेही लक्षात ठेवा. नवा साचा पुढच्या टॅगपासून.

लिहिताना एका ओळीत एकच वाक्य लिहा. वाक्य संपलं की एंटर. पॅनडॉक एकेरी एंटरला जागाच समजतं, त्यामुळे छापताना परिच्छेद सलग येतो. पण गिटचा डिफ, म्हणजे दोन आवृत्त्यांतला फरक, ओळीवर चालतो, आणि अख्खा परिच्छेद एका ओळीत असेल तर एका आकड्यासाठी सगळा परिच्छेद लाल-हिरवा दिसतो. तुमच्या धंद्यातलंच उदाहरण घ्या. स्टार-डेल्टामध्ये ओव्हरलोड रिले डेल्टाच्या आत बसवला असेल तर सेटिंग फुल लोड करंटच्या ०.५८ पट, आणि बाहेर लाइनवर असेल तर पूर्ण करंट. हे वाक्य कोणी, कधी, का बदललं हे दिसलंच पाहिजे. कमिटच्या संदेशात 'अपडेट केलं' लिहू नका. 'रिले लाइनवर हलवला म्हणून सेटिंग बदललं, सरांनी पाहिलं' असं लिहा.

धोक्याच्या सूचना सामाईकमध्ये एकदाच, आणि शब्द पक्के करून. अमेरिकेच्या झेड५३५ मानकात डेंजर, वॉर्निंग, कॉशन अशा उतरत्या पायऱ्या असतात. मराठीत आम्ही धोका, इशारा, खबरदारी असे ठरवलेत. तुम्ही दुसरे ठरवा, पण एका पुस्तिकेत 'सावधान' आणि दुसरीत 'काळजी घ्या' असं नको. त्या चौकटीला साच्यात स्वतःची स्टाइल द्या. मार्कडाउनमधून 'कस्टम स्टाइल' सांगितली की पॅनडॉक ती लावतं.

तुमच्या सरांना वर्डच द्या. त्यात त्यांनी हवं तेवढं लाल करावं. पण ती लाल फाइल परत मूळ मजकुरावर चढवायची नाही. पॅनडॉक ट्रॅक चेंजेससकट वर्ड वाचू शकतं, सगळे बदल दाखवायचा पर्यायही त्यात आहे, तो फक्त काही सुटलं नाही ना हे बघायला वापरा. दुरुस्ती मात्र तुम्ही स्वतः मूळ फाइलीत घ्या. एकच तुकडा पाच पुस्तिकांत जातो, तेव्हा सरांची दुरुस्ती त्या पाचही ठिकाणी चालेल का, हा विचार माणसालाच करावा लागतो.

सर्व्हर लागत नाही. गिटहबवर खासगी रेपो फुकट मिळतो, किंवा ऑफिसच्या शेअर्ड ड्राइव्हवर बेअर रेपो (कामाच्या फाइलींशिवाय नुसता इतिहास ठेवणारा) ठेवा. फक्त गिटचं फोल्डर ऑनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हच्या सिंकमध्ये ठेवू नका. दोन्हीकडून एकाच वेळी फाइली हलल्या की रेपो बिघडतो. वर्ड उघडं असताना टिल्ड आणि डॉलरने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या फाइली बनतात, त्या गिट-इग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) घाला. बनलेल्या पीडीएफही रेपोत नकोत. त्या टॅगच्या नावाच्या फोल्डरात बाहेर ठेवा. तिघांच्या मशीनवर पॅनडॉकची आवृत्ती एकच असू द्या आणि ती कुठली हे रेपोतच लिहून ठेवा.

श्रीलिपीबद्दल रात्री लिहितो, जेवायला हाक आलीय.

वेर्णा_क्यूए

टर्मिनल_ब्लॉक यांनी बरंच सांगितलंय. मी गोव्यात वेर्ण्याला औषधांच्या प्लांटमध्ये क्वालिटीत आहे, त्यामुळे माझी नजर दुसरीकडे जाते.

एक, कमिट म्हणजे मंजुरी नव्हे. सरांनी पाहिलं असं तुम्ही संदेशात लिहिलं तरी ते तुमचं म्हणणं झालं. निदान एवढं करा की टॅग लावायचं काम सरांचं, आणि मुखपृष्ठावर तयार करणार, तपासणार, मंजूर करणार अशा तीन चौकटी आणि सह्या. सही केलेल्या पानाचा स्कॅन त्या टॅगच्या पीडीएफजवळ ठेवा.

दुसरं, जुने कागद परत कसे येणार? आयएसओ ९००१:२०१५ च्या ७.५ कलमात आवृत्तीवर नियंत्रण मागितलंय, तसंच कालबाह्य कागद चुकून वापरात राहू नये हेही पाहायला लागतं. तुमचं गिट कितीही छान असो, पंपघराच्या भिंतीवर खिळ्याला जुनी पुस्तिका लटकलेली असेल तर ऑपरेटर तीच वाचणार. कुठल्या पॅनेल क्रमांकाबरोबर कुठला टॅग गेला याची एक साधी नोंदवही ठेवा, आणि सर्व्हिसचा मुलगा साइटवर गेला की त्याने जुनी काढून नवी लावून यायची. आमच्याकडे नवी प्रत देताना जुनी हातात घेतल्याशिवाय देतच नाहीत.

टाइपस्टप्रेमी

पॅनडॉक आणि वर्डच्या भानगडीत पडण्यापेक्षा टाइपस्ट बघा. साचा, मजकूर, चल किमती सगळं एका भाषेत, पीडीएफ क्षणात तयार, आणि %एचपी%सारख्या क्लृप्त्या लागत नाहीत. भाषा मराठी सांगितली की देवनागरी व्यवस्थित येते.

टर्मिनल_ब्लॉक

टाइपस्ट मलाही आवडतं, पण त्यातून वर्ड फाइल निघत नाही, आणि ताईंच्या सरांना वर्ड हवंय. सर निवृत्त झाल्यावर विचार करू.

वेर्णा_क्यूए यांची नोंदवही तंतोतंत पटली. टॅग सरांनी लावावा हेही.

आता श्रीलिपी. त्या जुन्या फाइलींत मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. टेक्स्टमध्ये आणल्यावर नुसती खिचडी दिसते, डिफ काढून काही अर्थ लागत नाही, शोधताही येत नाही. त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्याच लागतील. कन्व्हर्टर मिळतात, पण रूपांतर झाल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. आकडे तर मूळ छापील प्रतीशी एकेक करून ताडून बघा. सगळ्या जुन्या पुस्तिका आणत बसू नका. ज्या पॅनेलची ऑर्डर आली तिची आणा.

दुसरा घोटाळा जास्त चिवट आहे. 'दुसऱ्या फेजची वायर' यातला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. गिटला मात्र ते वेगळे शब्द आहेत. तुम्ही एका कीबोर्डने लिहिता, सर्व्हिसचा मुलगा मोबाइलवरून पाठवतो, आणि डिफमध्ये अशी ओळ बदललेली दिसते जिच्यात काहीच बदललेलं नसतं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) चालवूनही हे दोन एक होत नाहीत. उपाय म्हणजे कमिटच्या आधी आपोआप चालणारा छोटा हुक. तो र, हलन्त आणि जोडक दिसला की नुक्त्याचं रूप करतो. कोपऱ्यातला, दुसऱ्याच, मोजणाऱ्याने, असे शब्द मॅन्युअलमध्ये इतके येतात की हुकाशिवाय गत नाही.

फॉन्ट निवडताना साच्यात भाषा मराठी लावायला विसरू नका. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टात भाषा मराठी असली तरच ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी धाटणीचे. ऑपरेटरला वाचायला अडत नाही, पण सरांच्या डोळ्यांना खुपेल.

फाइलींची नावं मात्र रोमन अक्षरांत, लहान लिपीत ठेवा. देवनागरी नाव दिलं तर गिट स्टेटस ते उलट्या रेघा आणि आकड्यांत दाखवतं. गिटचं 'कोअर कोटपाथ' हे सेटिंग बंद केलं की दिसतं नीट, पण ते प्रत्येक मशीनवर करावं लागतं आणि एक तरी मशीन राहतंच.

पॅनेलवाली_भोसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. एका पुस्तिकेपुरतं लावून पाहिलं. स्टार-डेल्टाची घेतली. तुकडे पाडताना लक्षात आलं की अर्थिंगचा परिच्छेद आमच्याकडे चार वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेला आहे आणि त्यातल्या दोघांत अर्थच वेगळा निघतो. सर तेवढ्यावरच तासभर बसले. टॅग तेच लावणार असं ठरलंय. त्यांना आज्ञा लिहून दिली आहे, कागद मॉनिटरला चिकटवलाय. फूटरमधली स्टाइल-रेफची युक्ती चालली, पण फाइल उघडल्या उघडल्या कधी कधी जुना आकडा दिसतो, प्रिंट प्रिव्ह्यू केला की नवा येतो.

अडलेय सुट्या भागांच्या यादीत. उभ्या रेघांचा तक्ता केला आहे: क्रमांक, भागाचं नाव, रेटिंग, नग. वर्डमध्ये चारही रकाने सारख्याच रुंदीचे येतात. 'नग'चा रकाना रिकामा ऐसपैस आणि 'कॉन्टॅक्टर, तीन पोल, २३० व्होल्ट कॉइल' मात्र तीन ओळींत कोंबलेलं. दरवेळी वर्डमध्ये हाताने ओढायचं तर मग हे सगळं कशाला?

टर्मिनल_ब्लॉक

हाताने ओढू नका. शीर्षकाच्या खाली डॅशची जी ओळ असते ना, तिच्यात तुम्ही सगळ्या रकान्यांना सारखेच डॅश दिले असणार. तक्त्यातली एखादी ओळ पॅनडॉकच्या ठरलेल्या रुंदीपेक्षा लांब झाली, मुळात ती ७२ अक्षरांची असते, की ते तक्ता पानभर पसरतं आणि रकान्यांची रुंदी त्या डॅशच्या प्रमाणात वाटतं. तेव्हा क्रमांकाला पाच डॅश द्या, नावाला तीस, रेटिंगला पंधरा, नगाला पाच. वरच्या रेघा खालच्यांशी जुळल्या नाहीत तरी चालतं, देवनागरीत त्या तशाही जुळत नाहीत.

फूटरचा जुना आकडा साच्याच्या फाइलीत साठवलेला आहे, म्हणून आधी तोच दिसतो. पीडीएफ काढण्याआधी प्रिंट प्रिव्ह्यू उघडायचा, हे सरांच्या मॉनिटरवरच्या कागदात टॅगच्या आज्ञेखाली लिहून टाका.